ठिपक्याची बाजू वर

सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून मी आजवर माणिक तेंडोलकरांना एकच नोटीस पाठवली, आणि तीही चार दिवसांत मुकाट्याने परत घेतली. विषय होता साप.

माणिकराव मुलुंडच्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहतात. एकतीस वर्षं त्यांनी एका कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडंट म्हणून काढली. मेलेले प्राणी बरणीत ठेवायचे, वर फॉर्मॅलिन ओतायचं आणि बरणीला चिठ्ठी चिकटवायची: नाव, ठिकाण, तारीख. अक्षर मोत्यासारखं, म्हणून चिठ्ठ्या कायम त्यांच्याच गळ्यात. लोक काठीने मारलेले साप आणून द्यायचे. काही जिवंतही यायचे, पण बरणीत जिवंत कोणी जात नाही. त्याबद्दल ते माझ्याशी एकदाच बोलले. "त्रेचाळीस साप बरणीत घातले मी, सेक्रेटरी. एकही अंड्यातून बाहेर येताना नाही बघितला. मरायच्या आधी बघायचाय."

एप्रिलच्या शेवटी आमच्या मागच्या भिंतीजवळचा पाचोळ्याचा ढीग जेसीबीने उपसला. एक लांबलचक धामण सरसरत डोंगराकडे पळाली आणि मागे अकरा अंडी उघडी पडली. सगळे काठ्या शोधत होते आणि माणिकराव पेन्सिल शोधत होते. त्यांनी प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला बारीक ठिपका काढला आणि अंडी जशी होती तशी, जराही न फिरवता, उचलून घेतली. सहा एकमेकांना घट्ट चिकटलेली होती, पाच सुटी.

मासळी बाजारातून थर्माकोलचा खोका आणला गेला. तीनदा धुऊनही आठवडाभर मांजरं दाराशी बसून होती. खोक्यात ओलसर कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, त्यावर अंडी, बाजूला थर्मामीटर. माणसाने सगळं रीतसर केलं होतं, वनखात्याला कळवलं होतं. वनरक्षक नमिता येऊन पाहून गेली. घरटं मोडलंय, तेव्हा अंडी फुटेपर्यंत इथेच राहू देत, असं तिने लेखी दिलं आणि दर आठवड्याला येते म्हणाली.

तरी मी नोटीस पाठवलीच. इमारतीतले लोक सांगत होते, धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते. आमच्याकडे दूध पिशवीतून येतं, पण भीतीला कुठे अक्कल असते! माणिकराव शांतपणे दारात येऊन उभे राहिले. "धामणीला विष नसतं. ती उंदीर खाते. तुमच्या गाडीची वायर गेल्या महिन्यात कोणी कुरतडली?" मी नोटीस फाडली.

हे सगळं त्यांनी मला सांगितलं, नमिताला सांगितलं, वॉचमनलासुद्धा सांगितलं. बायकोला, शेवंतीवहिनींना, मात्र काही सांगितलं नाही. त्यांनी कामाबद्दल काही विचारलं, की "तुला काय कळणार त्यातलं?" हे उत्तर लग्नापासून ठरलेलं. मला या माणसाबद्दल आदर आहे, पण या एका गोष्टीचा रागही आहे.

तिसऱ्या आठवड्यात माणिकरावांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आठ दिवस वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. खोका खाटेखाली. मग नाइलाजाने वहिनींना हुकूम सुटले. पारा तिशीच्या फार वर जाऊ द्यायचा नाही, कोकोपीट सुकू द्यायचं नाही. वहिनींनी दोन्ही चोख केलं.

नवव्या दिवशी सकाळी माणिकराव वाकले, झाकण उघडलं आणि असे ओरडले की मी दुसऱ्या मजल्यावरून चपला न घालता खाली आलो. पाच सुट्या अंड्यांवरचे ठिपके खाली गेले होते.

"कोणी हात लावला?"

"मी," वहिनी म्हणाल्या. "सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा वळवत होते."

"कशाला?"

घाबरल्या की वहिनींच्या तोंडी माहेरची मालवणी येते. "हय कोंबडी खय आसा? तिचा काम कोणीतरी करूक नको?"

कुडाळकडे त्यांच्या माहेरी उबवायला बसलेल्या खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवताना कोळशाची खूण करायचे. कोंबडी रोज चोचीने अंडी वळवते, नाहीतर पिल्लू धरत नाही. ठिपके पाहून त्यांना वाटलं, हे वळवण्यासाठीच आहेत. चिकटलेली सहा वळवता येत नव्हती, त्याची उलट त्यांना हळहळ वाटत होती. सापाच्या अंड्यात पिल्लू वरच्या बाजूला चिकटून वाढतं आणि अंडं उलटं झालं की गुदमरतं, हे त्या घरात फक्त एकाच माणसाला माहीत होतं.

"अक्कल गहाण टाकली होतीस का?" माणिकराव म्हणाले.

"एकतीस वर्षां नोकरी केल्यात. तुमी माका कधी काय सांगल्यात?"

माणिकरावांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांची बाजू घ्यावी अशी अपेक्षा असावी. मी म्हणालो, "त्यांचं बरोबर आहे."

त्यानंतर दहा दिवस त्या घरात फक्त कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या. वहिनी मात्र खोक्यापाशी बसून पारा बघायच्या. अकराव्या दिवशी मी सोसायटीची पावती द्यायला गेलो, तर दोघं जमिनीवर बसलेले. माणिकरावांनी चिकटलेल्या अंड्यांवर टॉर्च धरला होता आणि ते वहिनींना आतल्या लाल शिरा दाखवत होते. मग टॉर्च सुट्या अंड्यांवर नेला. आत नुसता अंधार.

"आता परत सरळ केली तर?" वहिनींनी विचारलं.

"नाही गं." आवाजात राग नव्हता.

"मग राहू देत तशीच. इतक्यात काढू नका."

जूनच्या शेवटी एका दुपारी पहिल्या अंड्याला चीर पडली. तिथून इवलंसं नाकाड आलं, मग जीभ. माणिकराव फरशीवर बसून हमसून हमसून रडले, आणि मला बरं वाटलं. दोन दिवसांत सहा पिल्लं बाहेर आली, प्रत्येक जवळजवळ हातभर लांब. पाच अंडी तशीच राहिली.

नमिता नोंद करायला आली. मेलेली अंडीही खात्यात जमा करायची होती. माणिकरावांनी जुनी बरणी काढली, पाचही अंडी त्यात ठेवली आणि सवयीने चिठ्ठी लिहिली. नाव, ठिकाण, तारीख. मग चौथी ओळ लिहिली: "कारण: मी सांगितलं नाही. मा. तेंडोलकर."

"काका, असं नाही लिहीत. 'हाताळताना चूक' असं लिहा ना," नमिता म्हणाली.

"हात हिचे होते. चूक माझी आहे."

वहिनींनी बरणी घेतली आणि चिठ्ठी सावकाश वाचली. मग पुन्हा वाचली.

"किती सुंदर अक्षर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "मला माहीतच नव्हतं."

नमिताच्या गाडीतून आम्ही डोंगराच्या पायथ्याकडे निघालो. पिल्लांची कापडी पिशवी वहिनींनी मांडीवर घेतली होती. आत वळवळ झाली तसा त्यांनी हात आखडला, मग पुन्हा ठेवला.

"सोडायची कशी यांना?" त्यांनी विचारलं.

माणिकराव त्यांच्याकडे वळून बसले आणि पहिल्यापासून सांगू लागले.