शिवणीत सोडलेलं कापड

खुर्शीद फुफीला घेऊन लग्नाचे कपडे शिवायला टाकायचे, तर आधी दुकानदाराची मनधरणी करावी लागे. लाहोरच्या त्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी मुलीचं लग्न ठरलं की बायका तिच्याच दारात येत. फुफीने एकदा कापड उलटं करून पाहिलं, की पुढे रडायची वेळ येत नसे.

आयुष्यभर तिने शिंप्यांसाठी घरी बसून हातशिलाई केली. लेहंग्याचे काठ दुमडायचे, गळ्याला आतून पट्टी लावायची, हुक टाकायचे. नाव शिंप्याचं, बोटं हिची. सुईने तर्जनीचं टोक इतकं निबर झालं होतं, की तव्यावरची रोटी ती चिमट्याशिवाय उलटत असे. जे मागून दाखवता येत नाही ते कामच नव्हे, असं ती म्हणे. माणसांबद्दलही तिचं तेच मत होतं. त्यामुळे तिला मैत्रिणी फारशा नव्हत्या.

यंदा लग्न तिच्याच घरातलं होतं. इक्रा तिच्या भावाची मुलगी; फुफी तिची सख्खी आत्या. आई लहानपणीच गेलेली. सासरहून माहेरी परतलेल्या फुफीनेच तिला न्हाऊमाखू घालून वाढवली. मुलगा आदिल इक्राला मनापासून आवडला होता. अडचण एवढीच, की बारातीच्या दिवशीचा नवरीचा लेहंगा मुलाकडचे देतात. दुकान त्यांच्या ओळखीचं, पसंती त्यांची. मुलीकडच्यांनी सोबत जायचं, थंड बाटली प्यायची आणि ‘माशाअल्लाह’ म्हणायचं.

“आपा, या खेपेला तोंडाला टाका घाल,” निघताना भाऊ मुश्ताक म्हणाला. “घेणारा प्रश्न विचारत नसतो.”

“म्हणूनच घेणाऱ्याच्या पदरात काहीही पडतं.”

“आणि सोयरीक मोडली म्हणजे?”

“प्रश्नाने मोडणारी सोयरीक गप्प बसून टिकेल होय?” फुफी बोलली खरी. पण रिक्षात बसल्यावर तिने इक्राचा चेहरा पाहिला. पोरगी ओठ चावत होती. आज कमी बोलायचं, असं फुफीने मनाशी ठरवलं.

इछरा बाजारातल्या दुकानात आदिलची आई तसनीम आधीच येऊन बसली होती. सोबत तिची मुलगी सुंबल. ही ताडमाड, रुंद खांद्यांची. तिचीही मंगनी गेल्या ईदला झालेली. दुकानाचे मालक शेख इल्यास यांनी लाल लेहंग्याचा नमुना, वरच्या कुर्तीसकट आणि दुपट्ट्यासकट, पांढऱ्या चादरीवर पसरला.

“बघा खालाजान, हुबेहूब असाच होईल.”

“हुबेहूब म्हणजे? नवा करणार, की हाच झाडून देणार?”

“तौबा! नवाच, नवाच.”

“मग हा उलटा करा.”

शेखसाहेबांनी तसनीमकडे पाहिलं, मग लेहंगा उलटला. फुफीने गाठींवरून बोट फिरवलं. “घेराचं काम हाताचं आहे. बाह्यांवर मशीन मारलीय.”

“अहो, बाह्या कोण बघतं?”

“नवरी सगळा वेळ हातच मांडीवर घेऊन बसते. लोक दुसरं काय बघतात?”

सुंबल फिसकन हसली. फुफीचा निश्चय तिथंच संपला. जरीची तार काळी पडते का? पडली तर दुकान कुठल्या तोंडाने बोलेल? सगळा घेर एकाच कारखान्यात भरणार, की घेराच्या पाकळ्या चार ठिकाणी वाटणार आणि एका लालाचे चार वेगळे लाल करून आणणार? अस्तर सुती, की घामाने चिकटणारं? दुपट्ट्यावर एवढं काम कशाला, नवरीच्या डोक्यावर विटांची पाटी द्यायचीय का? आणि काम अर्धं झालं की दाखवणार, की एकदम पेटी बांधूनच हातात ठेवणार?

“खालाजान, तुम्ही पोलिसात होता का?” शेखसाहेब कपाळ पुसत म्हणाले.

“असते तर तुम्ही बाहेर नसता.”

तसनीमही हसली, पण तिचं हसू आता ओठांपुरतंच राहिलं होतं. “आपा, जुनं दुकान आहे आमचं. माझ्या नणंदेचंही इथंच झालं होतं.”

“मग तर विचारायलाच हवं.”

“फुफी!” इक्राने तिची ओढणी खेचली.

माप घ्यायला एक बाई फीत घेऊन आली. फुफीने पिशवीतून उंच टाचेच्या चपला काढून इक्रापुढे ठेवल्या. “अनवाणी मापाला उभं राहू नकोस. त्या दिवशी ज्या घालणार, त्याच घाल. नाहीतर लेहंगा एक तर रस्ता झाडतो, नाहीतर घोटे दाखवतो.”

फीत फिरू लागली. तसनीम सांगू लागली, “कंबरेच्या शिवणीत आत कापड सोडा. दोन्हीकडे चार-चार बोटं. खांदा थोडा सैल. आणि लांबी अर्धी वीत जास्तच धरा.”

फुफीचे कान टवकारले. कंबरेचं ठीक. लग्नानंतर मुलीचं अंग भरतं. कुठलीही शहाणी बाई कंबरेत कापड सोडायला सांगते. पण लांबी कशाला? चपला पायात आहेत. या वयात पोरगी का उंच होणार आहे? आणि खांदे काय म्हणून वाढतील?

तिने मान वळवली. आरशासमोर सुंबल नमुन्याचा दुपट्टा डोक्यावर घेऊन उभी होती. इक्रापेक्षा बरोबर अर्धी वीत उंच.

 फुफीच्या स्वतःच्या लग्नातला घेरदार गरारा असाच ऐसपैस आला होता. शिंपी चुकला, असं तेव्हा तिला वाटलं होतं. लग्नाचे दिवस सरतात न सरतात तोच सासूने ‘ऊन दाखवते’ म्हणून तो नेला. पुढल्या थंडीत तो धाकट्या नणंदेच्या अंगावर दिसला, अगदी बेतून शिवल्यासारखा. सगळे नणंदेचं कौतुक करत होते आणि फुफी पाहुण्यांना सालन वाढत होती. कपड्याचं दुःख कधीच विरलं. आपल्याला कुणी विचारलंसुद्धा नाही, हे मात्र अजून टोचत होतं.

विचारावं, तर देणाऱ्याच्या तोंडावर चोरीचा आळ. ही बाई तडक उठून गेली, तर इक्रा जन्मभर आपल्याला बोल लावेल. न विचारावं, तर पोरगी पहिल्याच दिवशी गप्प बसायला शिकेल. दोन्हीकडून मरण. फुफीने घसा खाकरला.

“तसनीमबहेन, एक शेवटचं विचारू?”

“तुमचं शेवटचं कधी येणार ते अल्ला जाणे. विचारा.”

“लग्नानंतर हा लेहंगा कुणाच्या पेटीत राहणार?”

शेखसाहेबांना एकाएकी घडी घालायचं काम आठवलं. माप घेणारीची फीत थांबली. तसनीमचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

“घरातच राहील. घरं काय दोन आहेत?” ती म्हणाली. मग आवाज चढला. “स्पष्टच ऐकायचंय ना, तर ऐका. माझाही माझ्या सासूने घेतला, नणंदेला घातला. मी चकार शब्द काढला नाही. एवढं जड काम एकदा अंगावर चढवायचं आणि कपाटात कुजवायचं? माझ्याही पदरात मुलगी आहे.”

फुफीने खोटं पकडायची तयारी केली होती. समोर आलं ते खरं.

बोलली ती सुंबल. “अम्मी, कुणाला घालणार? मला? मी नाही घालणार भाभीचा! सगळ्या खानदानाच्या फोटोंत हाच असेल. माझ्या सासरचे म्हणतील, उतरलेला घालून पाठवली.”

“तू गप. बापाची टाकसाळ आहे का?”

“मग साधा करा. पण माझा करा.”

इक्रा तशीच उंच टाचांवर उभी होती, हात पसरून. तिचा आवाज बारीक होता, पण थरथरत नव्हता. “आंटी, मागितला असता तर मी दिला असता. सुंबलने उद्या मागितला, तरी देईन. पण माप माझं घ्या ना. मी इथं उभी आहे.”

देऊ नकोस, असं फुफीच्या जिभेच्या टोकावर आलं. तिने ते गिळलं. द्यायचं की नाही, हे पोरीने ठरवायचं होतं.

“शेखसाहेब,” ती म्हणाली, “कंबरेत कापड सोडा, बहेन म्हणतात तेवढंच. ते बरोबर आहे. खांदे आणि लांबी हिच्या मापाची. आणि कापड आत्ता, आमच्यासमोर कापा.”

शेखसाहेबांनी लाल कापडाचा तागा उलगडला, खडूने रेघ मारली, कात्री उचलली आणि थांबले. लेहंग्याच्या खालच्या काठावरच सगळ्यात दाट जरीकाम असतं. एकदा ते भरलं, की लांबी वाढवायची सोय राहत नाही. दुकानात बसलेल्या प्रत्येकाला हे कळत होतं. शेखसाहेब तसनीमकडे बघत राहिले. गिऱ्हाईक ती होती.

तसनीमने रेघेच्या पलीकडचं कापड चिमटीत धरून पाहिलं. सुंबलने दुपट्टा डोक्यावरून काढून खुंटीला अडकवला. 

“कापा,” तसनीम म्हणाली. आणि मग चिडूनच, “आणि बाह्याही हाताने भरा. मशीन आमच्या माथी मारू नका.”

कात्री चालली. फुफी शेवटच्या पाकळीपर्यंत वाकून बघत होती.

पायऱ्या उतरताना तसनीम तिच्याजवळ येऊन म्हणाली, “आपा, सुंबलच्या वेळी तुम्हीच चला.” हे आमंत्रण की टोमणा, फुफीला उमगेना. “बोलवा, येईन,” एवढंच ती म्हणाली.

रिक्षात इक्राने तिचा हात हातात घेतला. “झालं ना समाधान?”

“अजून शिवून कुठं आलाय?” फुफी म्हणाली आणि हात तसाच राहू दिला.