चेटकिणीचा कडू घास

माझं आणि कुंडल गावच्या माझ्या वहिनींचं भांडण झालं ते एका चेटकिणीवरून. चेटकीण टीव्हीतली.

कुपवाडच्या कारखान्यातून मी निवृत्त झालेलो, बायको जाऊन तीन वर्षं झालेली. दिवसभरात माझ्याशी बोलणारं माणूस एकच, वहिनी! मालिका संपली की त्यांचा फोन यायचा. चेटकिणीनं राजपुत्राचा दगड केला त्या दिवशी मी भडकलो. "हिला जाळली पायजे!"

"आवं भावजी, राजानं तिचं लेकरू मारलं न्हवं? आई हाय ती!"

"मग पोरानं तिचं काय घोडं मारलं होतं?" (चेटकिणीनं मात्र त्याचं घोडं खरंच मारलं होतं!)

वहिनींनी फोन ठेवला, तो ठेवलाच. महिनाभर घर इतकं गप्प, की कुकरची शिट्टी झाली तरी मी "आलो, आलो!" म्हणायचो.

एकटाच बघत राहिलो आणि हळूहळू मला चेटकीण पटायला लागली. तीही डोंगरावर एकटीच जेवायची! राजानं तिला मारली तेव्हा मी चक्क रडलो. मग वाटलं, वहिनींचं काय झालं असेल? मयताच्या घरी चूल पेटत नाही, सोयरे कडू घास घेऊन जातात. माफी मागायला याहून बरं निमित्त कुठलं! सकाळी पिठलं-भाकरी बांधली आणि एसटीनं कुंडल गाठलं.

तोंड पाडून, डबा फडक्यात गुंडाळून, कुणाला रामराम न घालता वहिनींच्या गल्लीतून निघालो. तिथंच चुकलं! दारात पोचेपर्यंत मागं पंधरा माणसं. शेजारच्या काकूंनी तर गळाच काढला, "दादा गेलं गं बाई!"

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, टॉवेल गुंडाळून मोरीतून बाहेर आला. "कोण गेलं रं?"

"चेटकीण," मी म्हणालो.

आतून पुरणाचा वास आला. मागोमाग वहिनी. "मेली न्हवं अवदसा? म्हून तर पोळ्या केल्यात! राजाच्या म्हाताऱ्या आईला इख घालून मारलं, तवापासनं बघवत न्हवती मला."

"पण वहिनी, एकटी होती हो ती!" मी डबा पुढं केला. वहिनींनी डबा घेतला आणि मला पानावर बसवलं.

दुसऱ्याच दिवशी चेटकीण जिवंत झाली. लगेच फोन! "भावजी, बरं वाटलं बगा. एकटी हाय बिचारी, तुमचंच खरं हाय."

एकमत झालं म्हणजे दोन मिनिटांत फोन बंद!

"छ्या! लय वाईट बाई हाय ती!" मी ओरडलो.

वहिनी पाऊण तास भांडल्या. मी मनातल्या मनात चेटकिणीची माफी मागितली आणि तिला आणखी दोन शिव्या हासडल्या.