तांब्या धरलेला हात

...तर काल म्हटलं तसं, आक्काबाई वहिनी डीव्हीडी पदरात गुंडाळून जीपनं भांडगावला निघाल्या, आन् मी त्यांच्या मागं.

थोरला भाऊ साहेबराव जाऊन वर्ष होत आलं होतं. त्याचं हलतं-बोलतं चित्र घरात नव्हतं. पण आमच्या खुटबावच्या विहाराच्या उद्घाटनाला त्यानं केलेलं भाषण पुण्याच्या कुणीतरी इंटरनेटवर टाकलेलं निघालं. नातवानं ते पेन ड्राइव्हवर उतरवून दिलं. घरच्या डीव्हीडी प्लेअरवर काही ते चालेना, म्हणून आधी मी भांडगावातलं तेजश्रीचं दुकान गाठलं होतं.

तेजश्री माहेरची तळेगाव ढमढेऱ्याची. नवरा लग्नाचं शूटिंग करायचा, ही कॉम्प्युटरवर त्याची कापाकापी करायची. मला म्हणाली होती, "आबा, डीव्हीडीचं माप ठरल्यालं हाय, सातशे वीस बाय पाचशे शहात्तर ठिपके. त्यात बसवून देते." मला आपलं झबलं बेतल्यासारखं वाटलं.

घरी आणल्यावर डीव्हीडी झकास चालली. पडदाभर साहेबराव. सगळे रडले, वहिनी सोडून. भाषणात साहेबराव थांबतो, डावीकडं बघतो, आन् तिकडनं पाण्याचा तांब्या धरलेला नुसता हात येतो.

म्हणूनच भांडगावला दुकानात पाऊल टाकताच वहिनींनी विचारलं, "हात माझा हाय. बाकीची मी कुठं गेले?"

तेजश्रीनं मूळ व्हिडिओ लावला. कडेला वहिनी होत्या की, विहारात नेसतात तसल्या पांढऱ्या लुगड्यात. चित्र लांबट, आपला टीव्ही चौकोनी. लग्नवाल्यांना वर-खाली उरणाऱ्या काळ्या पट्ट्या खपत नाहीत, पडदा भरलेलाच लागतो. त्या सवयीनं तिनं दोन्ही कडा छाटल्या होत्या.

"चुकलं, आजी. आता सगळं बसवते. पण वर-खाली काळं दिसंल, माणसं बारीक होतील."

"त्ये जन्मभर बारीकच हुते," वहिनी म्हणाल्या.

हातातलं लग्न बाजूला ठेवून तेजश्री कामाला बसली. आम्हाला चहा पाजला. डीव्हीडी झाल्यावर दुकानातल्या जुन्या टीव्हीवर लावून दाखवली, मगच हातात दिली. साहेबराव थांबला, डावीकडं बघितलं, आन् वहिनी अख्ख्या पुढं आल्या. आता कुठं वहिनींच्या डोळ्यांना पाणी आलं.

आजही घरात ते भाषण लागलं की मला आधी तेजश्री आठवते. त्या दिवशी निघताना मी तिला म्हटलं, "पोरी, माझ्या वहिनीला तू घरात परत आणलंस. तुझे उपकार कसे फेडू?"

तिनं डीव्हीडीवर नाव लिहिता लिहिता सांगितलं, "उपकार कसले, आबा? हितनं फुडं लग्नवाल्यांनाबी आधी इचारीन, कडंला कोण उभं हाय म्हणून."