परसातली फुलं आणि भागिरथाबाई

देवमन खिल्लारे यांचा फोटो स्टुडिओ रिसोडच्या बसस्थानकापासून चालत पाच मिनिटांवर आहे. मागं निळा पडदा, पुढं एक उंच स्टूल, आरशाला दोरीनं बांधलेला कंगवा. शाळेच्या फॉर्मचे, नोकरीच्या अर्जाचे, मुलगी दाखवायचे असे सगळे फोटो तिथं निघतात. तालुक्यातल्या कितीतरी घरांत हार घातलेले जे फोटो लागलेले आहेत, त्यांतलेही पुष्कळ त्यांच्याच हातचे. मी शिक्षक. बदली होऊन रिसोडला आलो, तेव्हा खिल्लारेभाऊंच्या शेजारचं घर भाड्यानं मिळालं. त्याला चौदा वर्षं झाली.

त्यांच्या घरामागं बऱ्यापैकी मोठं परस होतं आणि ते सगळं भागिरथाबाईंचं होतं. भागिरथाबाई म्हणजे त्यांची बायको. तेलाचे डबे, फुटक्या बादल्या, जुना माठ, जे हाती येईल त्यात त्या रोप लावायच्या. जास्वंद, गोकर्ण, सदाफुली, देशी गुलाब, आणि हिवाळ्यात शेवंती. खिल्लारेभाऊंना त्यातलं गुलाबाशिवाय एकही नाव धड येत नव्हतं.

लग्नाच्या ऑर्डरी ड्रोनवाल्या पोरांकडं गेल्या आणि भाऊंचा बराच वेळ रिकामा जाऊ लागला. अशात वाशिमच्या एका रोपवाटिकेला कॅलेंडरसाठी फुलांचे फोटो हवे होते. भाऊंनी दुपारी बारा वाजता कॅमेरा काढला आणि परसात गेले. फोटो पाहिले तर जास्वंदाचं फूल म्हणजे नुसता लाल डाग. पाकळी दिसेना, शीर दिसेना. भागिरथाबाई भांडी घासता घासता म्हणाल्या, "दुपारी कोनी फूल पाह्यते काय? सकाई पाह्यत जा. उन्हात थे मिटून घेते आपल्याले."

दुसऱ्या दिवशी त्यांनीच नवऱ्याला सहाला उठवलं. परसाच्या पूर्वेला एक दुमजली घर आहे. हिवाळ्यात साडेसात वाजेपर्यंत सूर्य त्या घराच्या आड असतो आणि तोवर परसात एक मऊ, बिनसावलीचा उजेड भरलेला असतो. रोज त्याच वेळी पाणी घालत असल्यामुळं बाईंना तो चांगला ओळखीचा होता. कोणतं फूल किती वाजता पुरतं उघडतं, कोणत्या फुलावर दव जास्त वेळ टिकतं, सगळं त्यांना ठाऊक. भाऊंनी उभा जन्म कॅमेरा धरला होता, पण खरा उजेड त्यांना बायकोनं दाखवला, असं ते मला स्वतः म्हणाले होते.

साडेसातनंतर ऊन थेट यायला लागलं की भागिरथाबाई पौर्णिमेला बुद्धविहारात जाताना नेसायचं पांढरं लुगडं आणायच्या. त्याचा पदर दोन्ही हातांनी ताणून सूर्य आणि फूल यांच्यामध्ये धरायच्या. ऊन त्यातून गाळलं जाऊन खाली उतरायचं. भिंतीपलीकडून मला रोज त्यांचं बोलणं ऐकू यायचं.

"जरा वर घे."

"घेतलं."

"तिकडं सरक. हात दिसून राह्यला तुहा."

"घ्या, घेतला हात मांगं."

पुष्कळदा दिवसभरात त्या दोघांचं एवढंच बोलणं व्हायचं. चार हिवाळे असे गेले. कॅलेंडर तर पहिल्याच वर्षी छापून झालं होतं. तरी फोटो काढणं थांबलं नाही.

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरच्या शेवटी, ऐन शेवंतीच्या दिवसांत, भागिरथाबाई ओट्यापाशी खाली बसल्या त्या परत उठल्या नाहीत. डोक्यातली शीर फुटली होती. इथून वाशिम, वाशिमहून अकोला. अकोला यायच्या आधीच गाडीत त्या गेल्या. वय चोपन्न.

मुलगी पल्लवी अमरावतीला बँकेत नोकरीला. लग्न व्हायचं आहे. ती रात्रीच्या आत पोचली. बाईंचा भाऊ रामधन कामरगावहून आला. पाचव्या दिवशी पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम ठरला आणि रामधननं सहज विचारलं, "दाजी, कोनता फोटू ठेवाचा?"

खिल्लारेभाऊ म्हणाले, "काढून देतो." आणि स्टुडिओत गेले.

संध्याकाळपर्यंत आले नाहीत म्हणून मी पाहायला गेलो. ते कॉम्प्युटरसमोर बसले होते. हजारो फोटो. वऱ्हाडी, नवऱ्या, बाळं, निवृत्त झालेले गुरुजी, आणि फुलं, फुलं, फुलं. भागिरथाबाईंचा एकही नाही. लग्नात काढलेला एक होता, त्यावर पावसाचं पाणी मुरून चेहऱ्यांच्या जागी पिवळे डाग पडलेले. पल्लवीच्या फोनमध्ये पुष्कळ होते, पण तो फोन उन्हाळ्यात बसमध्ये चोरीला गेला होता. नवीन फोनमध्ये एकच निघाला, त्यात बाईंनी तोंडापुढं हात धरलेला. कोणी कॅमेरा रोखला की "मायं काय काढता" म्हणून पदर ओढून घ्यायची त्यांची सवय होती.

"मले एकडाव म्हनली होती ते," भाऊ कॉम्प्युटरवरची नजर न हलवता म्हणाले. "मांगच्या वर्षी. लुगडं धरून हात दुखले अशीन तिचे. म्हने, आता माहा बी एक काढा या फुलायपाशी. मी म्हनलं, आता ऊन झालं, उद्या काढू." पुढचा फोटो उघडत म्हणाले, "उद्या तिनं काई म्हनलं नाई, आन् मायाबी ध्यानात नाई रायलं."

मग त्यांनी मला एकेक फूल दाखवलं. एका गुलाबाच्या कडेला दोन बोटं आणि हिरव्या बांगडीचा तुकडा. एका गोकर्णीमागं भिंतीवर पडलेली बाईंची सावली, डोक्यावर पदर. एका ठिकाणी अंगठा. कॅलेंडरला पाठवलेल्या फोटोंतून हे सगळं त्यांनी कापून टाकलेलं होतं. मूळ फोटोंमध्ये तेवढं उरलं होतं.

शेवटी पल्लवीनं आधार कार्डावरचा फोटो दुसऱ्या दुकानातून मोठा करून आणला. सगळ्यांचा असतो तसाच तो होता. घाबरल्यासारखे डोळे, घट्ट मिटलेले ओठ, राखाडी चेहरा. तोच हार घालून पुढं ठेवला. भंतेजींनी त्रिसरण दिलं, लोकांनी हात जोडले. कार्यक्रम संपल्यावर रामधन सगळ्यांच्या देखत म्हणाला, "साऱ्या तालुक्याचे फोटू काढले दाजी तुमी. माह्याच बयनीचा काहून नाई काढला?"

पल्लवी मामाचा हात धरून त्याला बाहेर घेऊन गेली.

त्यानंतर कितीतरी महिने कॅमेरा स्टुडिओच्या बाहेर आला नाही. परसात मात्र ते रोज जायचे. कोणत्या रोपाला किती पाणी हे कळत नव्हतं, म्हणून सगळ्यांनाच भरपूर घालायचे. शेवंतीची मुळं कुजली. गुलाबाला कीड लागली. मी म्हटलं, कोणाला तरी विचारू या. ते म्हणाले, "इचारू ना." विचारलं नाही. पल्लवी अमरावतीला चला म्हणून मागं लागली, तर म्हणाले की स्टुडिओ आहे. उन्हाळा संपेपर्यंत जास्वंद आणि सदाफुली एवढीच तग धरून होती.

समोरच्या घरात लिलाबाई राहतात, सत्तरीच्या. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी त्या नवं लुगडं नेसून, तेल लावून केस चोपून, सरळ भाऊंच्या दारात आल्या. "देवमन, माहा एक फोटू काढून ठेव बापा. मेल्यावर लेकरायले हुडकत बसा लागू नये."

भाऊ आतून कॅमेरा घेऊन आले आणि त्यांना परसात जास्वंदापाशी उभं केलं. सात वाजायचे होते. फोटो इतका छान निघाला, की लिलाबाईंनी तो गल्लीभर फिरवला. मग एकेक बाई येऊ लागली. शेतावर जाणाऱ्या, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या, कधी कोणी फोटोला बोलावलं नव्हतं अशा. साडेसातनंतर कोणी आली तर भाऊ नम्रपणे म्हणत, "उद्या लवकर ये वं बाई." पांढरं कापड धरायला आता कोणी नव्हतं.

लिलाबाईंचा फोटो काढताना एक गोष्ट झाली होती. ती त्यांनी मला बऱ्याच दिवसांनी, स्टुडिओत चहा पिताना सांगितली.

"लिलाबाई हासली, आन् म्हने, भागी हासली का तिचा थो दातावरचा दात दिसे, लय गोड दिसे. सर, मले थो दात आठवते. पन कोनत्या बाजूचा, थे आठवत नाई. लिलाबाई म्हने डावा. पल्लवीले फोन केला, थे म्हने उजवा. आधारच्या फोटूत त तोंडच बंद हाय."

"रामधनला विचारायचं," मी म्हणालो.

"इचारलं. थो म्हने, नाई सांगता येत दाजी." त्यांनी कप खाली ठेवला. "डोये मिटले का पयले थे फुलाजवळ उभी दिसे मले. आता आधारचाच फोटू येते समोर. दुसरी येतच नाई."

मी चौदा वर्षं त्यांचा शेजारी. किती वेळा भागिरथाबाईंच्या हातचा चहा प्यालो, किती वेळा भिंतीवरून त्यांनी हसत हसत फुलं दिली. मीही आठवून पाहिलं. हसणं आठवलं, आवाज आठवला, दात आठवेना.

"डावाच होता," मी म्हणालो. "मला चांगलं आठवतं."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी हळूच मान हलवली. मग फॉर्मसाठी फोटो काढायला एक मुलगी दारात येऊन उभी राहिली, तेव्हा ते उठले आणि तिला स्टुलावर बसायला सांगून आतला दिवा लावायला गेले.