माझाच राउटर
नवा राउटर तापला की प्लास्टिकचा जो वास येतो, त्या वासानं मला सारंगखेड्याचं सासर आठवतं. तिथे नेटची वायर फक्त बैठकीतल्या कॉम्प्युटरला होती, मोबाइलला रेंज नव्हती, आणि सासरे बसलेले असताना सुनेनं बैठकीत जायचं नाही. माझा शिक्षक भरतीचा क्लास ऑनलाइन होता. एका दुपारी सगळे शेतात गेल्यावर मी माहेरून आणलेला राउटर त्या वायरला जोडला आणि स्वयंपाकघरात कळण्याच्या भाकरीचं पीठ मळता मळता पहिल्यांदा अख्खा तास ऐकला. संध्याकाळी सासऱ्यांना कळलं. ते मुलाला म्हणाले, “तिले काय करनं शे नेटनं? बदली टाक पासवर्ड.” नवऱ्यानं लगेच बदलला. राउटर मात्र काढला नाही, सगळ्यांच्या सोयीचा होता ना! आठवड्याभरानं नणंदेचे यजमान आले. मी पाण्याचा तांब्या घेऊन बैठकीच्या दारापर्यंत गेले, तर नवरा त्यांच्या मोबाइलमध्ये स्वतः पासवर्ड टाकून देत होता. मी तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि परत फिरले. आता मी शहाद्यात भाड्याच्या खोलीत एकटी राहते. परवा नेट जोडायला आलेला माणूस म्हणाला, “ताई, पासवर्ड साहेबांना सांगतो, त्यांचा नंबर द्या.” त्याला मी पाणीसुद्धा विचारलं नाही.