हळदीकुंकवाला निघालो, पोथी ऐकून आलो

संक्रांत होऊन चार दिवस झाले नाहीत तोच माझ्या पायाला भिंगरी लागली. गोरेगावात आमचं किराण्याचं लहानसं दुकान आहे. सासर मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, माहेर इंग्रजांच्या वऱ्हाडात वाशीमकडे. तिकडे चार बुकं शिकले म्हणून सासरची माणसं मला 'इंग्रजी मुलखाची' म्हणून चिडवतात. मी एका जागी फार वेळ बसत नाही हेही गावाला ठाऊक आहे. पण या वेळची धावपळ हौसेची नव्हती, ती आमच्या आक्कासाठी होती.

आक्का म्हणजे माझी थोरली नणंद सरजा. नवरा गेल्यावर ती माहेरी आली, त्याला दोन वर्षं झाली. रथसप्तमी झाली की तिला न्यायला येतो, असा तिच्या दिराचा सांगावा आला होता. नेणार ते मायेनं नव्हे. त्याच्या घरी दळणकांडण करायला हक्काचं माणूस हवं होतं. दुसऱ्या लग्नाचंही कुणीकुणी सुचवलं, पण तो विषय निघाला की आक्का उठून गोठ्यात जायची. मामंजी म्हणाले, "तिला ऱ्हा म्हणलं असतं म्या. पर हितं तिचं काम काय?" हे 'काम काय' माझ्या डोक्यात रुतून बसलं.

दुकानाच्या मागच्या कोनाड्यात एक हातमशीन पडून होतं. गाव सोडून गेलेल्या एका शिंप्याकडून ह्यांनी ते घेतलं होतं. आक्काला त्यावर सरळ शिवण घालता यायची, फाटकी गोधडी जोडता यायची. मापानं कापड बेतणं मात्र येत नव्हतं. आणि ते शिकवणार कोण? आमच्याकडचा शिंपी कात्री हातात घेतली की गिऱ्हाइकाकडे पाठ करून बसतो, जणू आत जेवण वाढलंय आणि आमची नजर लागेल!

अशात थावरूनं हिंगोलीच्या मावशींचा निरोप आणला. थावरू हा तांड्यावरचा गाडीवाला. त्याचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ वाहायचा, हा आता कापूस वाहतो. मावशी म्हणजे ह्यांची मावशी, हिंगोलीत बाजाराजवळ राहतात. निरोप असा होता: सरकी काढायच्या जिनच्या मालकाकडे हळदीकुंकू आहे, लागोपाठ चार दुपारी. म्हणायचं हळदीकुंकू, पण आत स्टेशनवाल्या बाई चोळी-पोलकं बेतायला शिकवतात. 'शिवणाची शाळा' म्हटलं तर घरचे पाठवत नाहीत, शिवाय मोगलाईत चार माणसं जमवायची तर सरकारातून परवानगी काढा. हळदीकुंकवाला कोण हरकत घेणार? आणि बाईंचे यजमान रेल्वेत, त्यांची बदली झालेली, म्हणजे रथसप्तमीनंतर त्याही जाणार.

मी त्याच सकाळी भाकरी बांधल्या.

तुम्हाला कधी या वाटेनं जायचं असेल तर सांगते, मोटारीच्या भरवशावर राहू नका. ती भरल्याशिवाय हलत नाही आणि हलली तर पोचेलच असं नाही. त्यापेक्षा या दिवसांत कापसाच्या गाड्या हिंगोलीकडे रांगेनं चाललेल्या असतात, ओळखीच्या गाडीवाल्याला धरा. कापसावर बसलं की थंडी लागत नाही. फक्त पदर नाकाला बांधा, नाहीतर दिवसभर शिंकत बसाल. सोबत हाली, म्हणजे निजामाची नाणी घ्या. माझ्यासारखे माहेरचे इंग्रजी कलदार रुपये घेऊन गेलात तर दुकानदार उलटसुलट करून बघत बसतो.

सेनगावापर्यंत ज्वारी दोन्ही बाजूंना उभी होती, हुरड्याच्या धुराचा वास येत होता. एरवी मी गाडी थांबवून हुरडा खाल्ल्याशिवाय पुढे गेले नसते. त्या दिवशी मात्र बैल माझ्या मनासारखे चालतच नव्हते.

"थावरूदादा, जरा हाका की!"

"वयनी, बैल हायती, आगगाडी न्हाई. तुमी खाली उतरून चाला, माज्या आदी पोचसान."

आक्का हसली. किती दिवसांनी! सेनगावात पाणी पाजायला थांबलो तेव्हा तिनं मला विचारलं, "वयनी, मला जमंल का?" मी म्हटलं, न जमायला काय झालं, कापडच तर आहे. ती माझ्याकडे जरा वेगळंच बघत होती, पण मला पुढे निघायची घाई. ठेचा-भाकरी मी उभ्यानंच खाल्ली.

हिंगोलीजवळ कयाधूला गुडघाभरही पाणी नव्हतं. पलीकडे गेल्यावर जिनचा भोंगा ऐकू आला. बाजारात नुसती गर्दी होती. दोन व्यापारी उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून कापसाचा भाव ठरवत होते. तोंडानं मात्र एकमेकांच्या लेकराबाळांची चौकशी चाललेली. चहाच्या दुकानात आडते, दलाल, तेलघाणीवाले मांडी ठोकून बसले होते, कोण कुठून माल आणतो, कुणाची सोयरीक कुठे जुळते. पुरुषांचा धंदा हा असा गप्पांवर चालतो. हे मी बघून ठेवलं.

मावशींनी पाय धुवायला पाणी दिलं आणि आक्काकडे बघून एकदम म्हणाल्या, "अगं बाई! सरजाला बी आणलंस?"

"तिच्यासाठीच तर आले."

मावशी तांब्या उचलून आत गेल्या. मला वाटलं, जागेची अडचण असेल.

दुसऱ्या दिवशी, चारांतल्या पहिल्या दुपारी, आम्ही जिनवाल्यांच्या घरी गेलो. ओसरीवर चपलांचा ढीग, आत बायांचा कलकलाट. दारात घरची मालकीण, सगळे तिला शेठाणी म्हणत, असेल माझ्याच वयाची, हातात हळदीकुंकवाचा करंडा घेऊन उभी. प्रत्येकीला कुंकू, हातावर तिळगूळ, मग आत. माझ्या कपाळाला तिचं बोट लागलं. मग ते आक्कापाशी आलं आणि हवेत थांबलं.

त्या क्षणी मला समजलं. निरोप ऐकल्यापासून माझ्या कानात एकच शब्द घुमत होता, शिवण. कुंकू हा शब्द त्या निरोपात पहिला होता, आणि मी तो ऐकलाच नव्हता!

शेठाणी वाईट नव्हती. तिचा चेहरा लाल झाला. हळूच मला म्हणाली, "यांना कशाला आणलं हो? मला काई न्हाई, पर बाया बोलतील."

आक्का केव्हाच मागे सरकली होती. "तू जा आत, वयनी. म्या बसते हितं," म्हणाली आणि चपलांशेजारी भिंतीला टेकली.

मी आत गेले. जायला नको होतं का? पण दोघीही बाहेर बसून काय मिळणार होतं? आत चहाच्या दुकानातलाच प्रकार, फक्त बांगड्यांच्या आवाजात. एकीनं पापडांची मागणी मिळवली. कळमनुरीकडची एक बाई तूप कुणाला घालायचं ते ठरवत होती. एक कासारीण चार घरची लग्नं हेरून बसली होती. आणि मधोमध स्टेशनवाल्या सुमतीबाई रद्दीचा कागद पसरून चोळीची बाही कशी काढायची ते सांगत होत्या. शांत बाई, आवाज न चढवता बोलायच्या. मी डोळे फाडून बघितलं. काखेजवळच्या मुंढ्याचा गोल लक्षात ठेवला, एक कागद आणि कात्री उचलून धावत बाहेर आले आणि आक्काला सांगितला. तिनं कागद कातरला तर बाही हाताऐवजी पायाला बसेल अशी निघाली.

"वयनी, असं न्हाई जमायचं," आक्का म्हणाली. "परत जाऊ."

"तुला ठाऊक होतं ना? आत घेणार नाहीत ते?"

"व्हय. निरोप आला तवाच."

"मग आलीस काहून?" रागात माझ्या तोंडून माहेरची भाषा निघाली.

"तू इतकी घाईत हुतीस. आन् मला वाटलं," ती कागदाचे तुकडे गोळा करत म्हणाली, "खिडकीतून तरी दिसंल."

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मी तरातरा आत गेले आणि सगळ्यांसमोर बोलले. "सुमतीबाई, नवरा कमावतो त्या आपण आत बसून शिवण शिकतोय. जिला पोटासाठी शिकायचंय ती चपला राखतीय. हे बरं दिसतं का?"

सुमतीबाईंनी कात्री खाली ठेवली आणि शेठाणीकडे पाहिलं. घर तिचं होतं.

"मी काय करू?" शेठाणी कळवळून म्हणाली. "हळदीकुंकवाची रीत मी काडली का? कुंकू न्हाई म्हणलं तर कुणाच्या घरून बाई येनार न्हाई. वर्गच बंद पडंल."

ते खरं होतं, म्हणून मला आणखी चीड आली. मी काही विचार करून बोलले असं नाही, तोंडातून निघून गेलं. "मग कुंकू नका ठेवू. पोथी लावा. पोथीला कुणाला मज्जाव आहे?"

कुणी हसलं, कुणी म्हणालं सणासुदीत पोथी कसली. तेवढ्यात आतल्या खोलीची कडी वाजली. दार अर्धं उघडलं आणि एक म्हातारी उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. मोकळं कपाळ, हातात बांगडी नाही. शेठाणीची सासू. तिच्याच घरात हळदीकुंकू चाललं होतं आणि ती बिचारी दुपारभर आत कोंडून बसली होती, आम्हाला पत्ताही नव्हता.

"लाव पोथी," ती सुनेला म्हणाली. "म्या बी बसन. भिताडाकडं तोंड करून किती बसू?"

शेठाणीनं करंडा फडताळात ठेवून दिला. बाहेर आक्काला बोलवायला ती स्वतः गेली.

राहिलेल्या तीन दुपारी त्या घरात पोथी झाली. पाट मांडला, उदबत्ती लावली, शेठाणीच्या सासूबाई पाटासमोर पहिल्या बसल्या. बातमी कशी पसरली कोण जाणे, दुसऱ्या दिवशी मोकळ्या कपाळाच्या आणखी बाया आल्या, काही तर औंढ्याकडून. दोघी-तिघी सवाष्णी नाकं मुरडून घरी राहिल्या, बाकीच्यांनी जागा करून दिली. प्रश्न एकच होता, पोथी वाचणार कोण? चार बुकं शिकलेली मीच निघाले!

म्हणजे बघा, इतका आटापिटा करून मी भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं वाचत बसले, आणि माझ्या पाठीमागे कात्र्या चालू. रस्त्यावरून जाणारे हात जोडून पुढे जायचे. एकदा जिनचे मालक स्वतः दारात उभे राहून मान डोलावून गेले. माझी मान सारखी मागे वळायची, वाक्यं सुटायची, कधी पान उलटायचं राहायचं. कुणाचं लक्ष नव्हतं, एकट्या सासूबाई सोडून.

"पोरी, ह्यो अध्याय काल झाला."

"चांगला आहे म्हणून परत घेतला, आजी."

शेवटच्या दुपारी मी न राहवून वळले. आक्का कापडावर वाकली होती, खरंखुरं कापड, कागद नव्हे. सुमतीबाई नुसत्या शेजारी बसून होत्या, हात मांडीवर ठेवून. आक्कानं न थांबता मुंढा कातरला आणि कापड उचलून उजेडात धरलं. मी पुढची ओळ कुठली ते विसरले, आणि बराच वेळ घरात पोथी ऐकूच आली नाही.

परतीच्या वाटेवर थावरूच्या गाडीत मिठाची पोती होती, ती कापसासारखी बसायला बरी नाहीत. आक्का साऱ्या वाटभर हवेत बोटानं रेघा ओढत होती. निघण्याआधी सुमतीबाईंना आम्ही दोघी भेटून आलो होतो. त्यांनी आपली कात्री देऊ केली, पण आक्कानं घेतली नाही, म्हणाली, तुमी चालला तिकडं बी कुणी शिकणारी असंल.

मला तुम्ही विचाराल, या प्रवासातून तू काय आणलंस? बेतणं मला अजून येत नाही. ते उंबऱ्यावरचं हवेत थांबलेलं बोट मात्र डोळ्यांसमोरून जात नाही. तेव्हापासून कुठल्याही हळदीकुंकवाला गेले की आधी आतल्या खोलीच्या दाराकडे बघते. चैन पडत नाही.

रथसप्तमी झाली आणि दीर आला, गाडी जुंपलेलीच ठेवून. आक्का दुकानाच्या पुढच्या बाजूला मशीनवर बसली होती. तिच्या शेजारी पुसेगावच्या एका लग्नघरच्या चोळ्या, बाही वेगळी, पाठ वेगळी, बेतून ठेवलेल्या. मामंजी उंबऱ्यात बसून होते.

"चला वयनी, निघायचं ना?" दीर म्हणाला.

आक्कानं मान वर केली नाही. "लोकाचं कापड कातरून ठेवलंय, भावजी. शिवून दिल्याबिगर कशी येऊ?"

त्यानं मामंजींकडे पाहिलं. मामंजींनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सारलं आणि म्हणाले, "बराबर हाय. कातरलेलं कापड तसंच टाकून जाता येतं व्हय?"

तो पुन्हा येतो म्हणून गेला. अजूनही मधूनमधून सांगावा धाडतो. आक्का त्याला कधीच 'नाही' म्हणत नाही. फक्त रोज दिवस मावळला, मशीनवर फडकं घालायची वेळ झाली, की ती आधी एक तरी चोळी बेतून ठेवते.