कपाळावरचा रुपया

आमच्याकडं माणूस गेलं की सरणावर नेण्याआधी त्याच्या कपाळावर रुपया लावतात. बहुतेक घरांत खिशात हाताला लागेल तो चालतो. माझ्या आईनं मात्र आपला रुपया जपून ठेवला होता. निजामाच्या काळातला, चांदीचा, चारमिनारचं चित्र असलेला. लग्नात तिच्या वडलांनी दिलेला. तो तिच्या चंचीत असायचा, सुपारीच्या खांडांसोबत.

मला जुन्या नाण्यांचा नाद. हातात भिंग आलं की मला जेवणाची शुद्ध राहत नाही, अशी घरात माझी ख्याती. एकदा आईचा रुपया भिंगाखाली धरला आणि हरखूनच गेलो. मनोऱ्यांच्या बाजूच्या मोकळ्या जागेत मागच्या बाजूची अक्षरं उमटली होती, पुसट आणि उलटी. टाकसाळीत वर एक आणि खाली एक असे दोन ठसे असतात. मधे चांदीची चकती यायची राहिली तर ते एकमेकांवर आदळतात, एकाची खूण दुसऱ्यावर बसते आणि पुढच्या नाण्यांवर उतरते. आईला आणि अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, मी हे समजावून सांगितलं. दोघींनी आळीपाळीनं भिंगातून पाहिलं.

"मंजी रुपया व्हायच्या आधीच टाळक्याला टाळकं आपटलं म्हण की," आई हसली. मग म्हणाली, "ठेव तुझ्यापाशी, बघत बस. पर म्या गेल्यावर ह्योच लाव. इसरू नको."

मी हो म्हणालो.

दोन वर्षांनी आई गेली. रुपया आणायला मी आत जाऊन माझी नाण्यांची पेटी उघडली. त्याच्या शेजारीच दुसरा चारमिनारचा रुपया होता, तसाच, पण बिनखुणेचा. अशी खूण मला पुन्हा कुठं बघायला मिळणार, हे बाहेर अंगणात आई निजलेली असताना माझ्या मनात आलं. त्याची मला आजही शरम वाटते. मी बिनखुणेचा उचलला आणि तिच्या कपाळावर लावला. फरक ओळखणारा तिथं मी एकटाच होतो.

तिसऱ्या दिवशी राख सावडताना तो अक्काच्या हाताला लागला, काळाठिक्कर पडलेला. "आईचा हाय, म्या नेती," म्हणून तिनं पदराच्या गाठीला बांधला.

गेल्या महिन्यात तिच्याकडं जळकोटला गेलो होतो. तिनं डबीतून रुपया काढून माझ्यापुढं धरला.

"नातीला दाखवायचंय. ती उलटी अक्षरं कुठं हायत रं? मला दिसंनात. डोळं लई अधू झालं बघ."

मी भिंग लावलं. त्यात बघण्यासारखं काही नव्हतंच. खरं सांगावं म्हणून तोंड उघडलं आणि म्हणालो, "जाळात गेली, अक्का."

तिनं रुपया अंगठ्यानं पुसला.

"जाऊ दे. तू आईचा शबुद पाळलास, तेवढं बास."

मी मान डोलावली.